नोटिशीतले चार शब्द

मामाचा मुलगा वकील आहे. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, आईसुद्धा. साताऱ्याच्या कोर्टात त्याने १५ वर्षं काढलीत, पण मराठीत नोटीस लिहायची वेळ आली की तो आमच्याकडे येतो. आई एका दैनिकात ३१ वर्षं मुद्रितशोधक होती आणि निवृत्तीनंतरही तिच्या पर्समधलं तांबडं पेन गेलेलं नाही. त्या रविवारी त्याने दोन टंकलिखित पानं तिच्यापुढे ठेवली आणि बजावलं, "आत्या, फक्त शुद्धलेखन बघ. मजकुराला हात लावू नकोस."

आईने पहिल्याच परिच्छेदाला हात लावला. वाक्य असं होतं : 'आपण आमचे अशील यांची जाणीवपूर्वक बदनामी, निंदानालस्ती, मानहानी व चारित्र्यहनन केले आहे.'

"बदनामी केले?"

"शेवटचा शब्द चारित्र्यहनन. नपुंसकलिंगी. क्रियापद शेवटच्या शब्दाप्रमाणे चालतं, तूच शिकवलंयस."

"व्याकरण बरोबर आहे. मग आधीच्या तिघींना कशाला उभं केलंस? नोटीस आहे ना ही? एकाच देवाची चार नावं घ्यायला आरती नाही."

"वजन येतं गं. चार शब्द एका ओळीत दिसले की समोरचा जरा घाबरतो. आणि कायद्याच्या लेखी चारही एकच. अब्रुनुकसानी. आधी दंड संहितेचं ४९९ आणि ५०० होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आली आहे. त्यात बदनामी वेगळी नि मानहानी वेगळी असं काही नाही."

"कायद्यात नसेल, भाषेत आहे. मुळात झालं काय ते सांग."

झालं ते कुठल्याही सोसायटीत होतं तेच. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढली, सहा महिने लिफ्ट बंदच. एका सभासदाने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'आपले खजिनदार अत्यंत प्रामाणिक आहेत. लिफ्टच्या पैशाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.' पुढे हात जोडल्याची दोन चित्रं. त्याखाली तेवीस जणांचे हसरे चेहरे. खजिनदार दुसऱ्या दिवशी दादाच्या ऑफिसात.

"पण त्याने तर स्तुती केली!" मी म्हटलं.

दादा खुलला. हा त्याचा आवडता मुद्दा असणार. "हेच! १८६०च्या संहितेत कलमाखालीच उदाहरण दिलंय. अ म्हणतो, य मोठा प्रामाणिक हो, त्याने ब चं घड्याळ कधीच चोरलं नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की यानेच चोरलं, या हेतूने म्हणतो. झाली अब्रुनुकसानी. पुढचं उदाहरण तर याहून भारी आहे. घड्याळ कोणी चोरलं असं विचारतात आणि अ तोंडातून शब्द न काढता य कडे बोट दाखवतो. तिसऱ्यात अ नुसतं चित्र काढतो, य घड्याळ घेऊन पळतोय. आत्या, शब्द लागतच नाहीत. तू मला शब्दांतले फरक सांगतेस, आणि कायदा म्हणतो, बोट पुरे."

आईने चष्मा काढून पुसला. तिला मुद्दा पटला की ती असं करते; मान्य मात्र करत नाही.

"चांगलं आहे तुझं कलम," ती म्हणाली. "आता मला एक सांग. अन्नाची निंदा करू नये म्हणतो आपण. अन्नाची नालस्ती करू नये असं कधी ऐकलंस?"

"नाही."

"कारण नालस्ती माणसाचीच होते आणि ती पाठीमागे होते. निंदा देवाची होते, विचारांची होते, स्वतःची होते, तोंडावरही होते. संतांनी निंदकाला शेजारी घर दिलं. नालस्ती करणाऱ्याला दिलं असतं का? निंदा केली म्हणजे तिने काही बिघडलंच पाहिजे असं नाही. एकटा माणूस खोलीत बसून निंदा करू शकतो. बदनामीला दुसऱ्याचे कान लागतात. निंदा 'करतात', बदनामी 'होते'. एक कृती, एक परिणाम. तू दोन्ही एका स्वल्पविरामाने जोडलीस."

"आणि मानहानी?"

"हिंदी वाहिन्यांवरून आलेली पाहुणी. राहू दे, पण तिला घरचं काम सांगू नकोस. चारित्र्यहनन इंग्रजीवरून बेतलेलं. निवडणुकीच्या बातम्यांत शोभतं." दोन शब्दांचा निकाल तिने दोन श्वासांत लावला आणि तांबड्या पेनाने दोघांवर डिलीटच्या शेपट्या काढल्या. मला विचाराल तर चारित्र्यहननावर हा अन्याय होता, पण त्या टेबलावर माझं काम चहापुरतं होतं.

दादाने आवाज चढवला नाही. वकिली सुरात आला. "आत्या, तुझी नजाकत तुझ्या कानात आहे. साक्षीदाराच्या कानात नसते. पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस सगळ्याला एकच म्हणतो, 'माझी बदनामी झाली साहेब.' बायकोने चारचौघांत झापलं तरी बदनामी, पेपरात छापून आलं तरी बदनामी. कोर्टाने काय कोश उघडून बसायचं? हजार तऱ्हेची दुखणी एका मापाने मोजता यावीत म्हणून तर एक व्याख्या लागते. इंग्रजांकडे बोललेली वेगळी नि लिहिलेली वेगळी असे दोन भाग होते. आपल्या फौजदारी कायद्याने तेही ठेवले नाहीत. बरं केलं."

"बायकोने झापलं ती बदनामी?"

"लोक म्हणतात."

"लोक चुकीचं म्हणतात. तो पाणउतारा." आई उठून खिडकीशी गेली. ती आता थांबणार नाही हे आम्हा दोघांनाही कळलं. "अब्रू म्हणजे काय माहितीये? फारसीत आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी, मोत्याला असतं तसं. आपल्याकडे पाणउतारा म्हणजे तेच पाणी उतरवणं. दोन भाषांनी एकच गोष्ट पाहिली. पण फरक बघ. पाणउतारा व्हायला तो माणूस समोर लागतो. त्याच्या तोंडावर, त्याच्या कानांत. बदनामीला तो नसलेलाच बरा."

"हे मात्र कायद्यातही आहे," दादा म्हणाला. "मी तुला बंद पाकिटात वाट्टेल ते लिहून पाठवलं आणि तू एकटीनेच वाचलंस, तर अब्रुनुकसानी होत नाही. तिसऱ्या माणसापर्यंत पोचावं लागतं. भांडण पेटवायला मुद्दाम अपमान केला, तर त्याचं कलम निराळं."

"म्हणजे कायद्यालाही फरक कळतो, फक्त तो शब्दांत ठेवत नाही. अब्रूचं आणखी एक सांगते. पेपरात असताना एक बातमी यायची, 'नराधमाने तरुणीची अब्रू लुटली'. मी प्रत्येक वेळी कापायचे. उपसंपादक चिडायचा, जागा मोकळी राहते म्हणून. मी म्हणायचे, अरे, लुटली असेल तर त्याची स्वतःची गेली, तिची कशी गेली? पुरुषाची अब्रू पतीत, शब्दात, पैशात. बाईची म्हटली की थेट शरीरात. हा शब्द दावा लावताना वापरतोस ना, तेव्हा एवढं ध्यानात ठेव."

यावर दादा काही बोलला नाही. चहा घेतला. मग जरा वेगळ्या वाटेने आला.

"खऱ्या-खोट्याचं काय? तुझे शब्द ते बघतात का? कायदा बघतो. दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला की विषय संपला. १८६२मध्ये मुंबईत करसनदास मुळजींवर जदुनाथजी महाराजांचा ५०,००० रुपयांचा दावा चालला होता. 'सत्यप्रकाश'मध्ये महाराजांच्या वर्तनावर लिहिलं म्हणून. करसनदासांनी लिहिलेलं खरं ठरलं, दावा बुडाला. फौजदारीत मात्र नुसतं खरं असून भागत नाही. खरंही हवं आणि सांगणं लोकहिताचंही हवं."

"मग तुमच्या कायद्याला चहाडी कळते म्हणायचं!"

"म्हणजे?"

"चहाडी खरी असते रे. बहुतेक वेळा शंभर टक्के खरी. म्हणूनच ती जास्त झोंबते. खोटी असेल तर कुभांड म्हणू, कंडी पिकवली म्हणू, वावडी उडवली म्हणू. शाळेत 'बाई, ही बघा पुस्तक उघडून लिहितेय' ही चुगली, पोरासोरांची. चहाडी मोठ्यांची. तिला ऐकणारा ठरलेला असतो. ज्याच्या हातात सत्ता आहे तो. साहेब, सासू, मुख्याध्यापक. गल्लीत सांगितली तर ती चहाडी राहत नाही, बोभाटा होतो. आणि तीच गोष्ट त्याच साहेबाला, तीच खरी गोष्ट, पण सरळ मनाने सांगितली तर?"

"तर काय?"

"गाऱ्हाणं."

दादाने कप खाली ठेवला. "थांब थांब. कलमाला दहा अपवाद आहेत. आठवा असा : ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी होत नाही. उदाहरणं कोणती दिलीत सांगू? नोकराच्या वागण्याबद्दल मालकाकडे, मुलाच्या वागण्याबद्दल त्याच्या वडिलांकडे. ही तुझी चहाडी आणि गाऱ्हाणं झालं."

"मराठीने तो फरक शब्दातच घातलाय, तुम्ही अपवादात घातलात. दहा अपवाद लिहायला लागले, कारण एकच शब्द घेऊन बसलात."

"आणि तुम्हाला तीस शब्द लागले, कारण अपवाद लिहायचा कंटाळा!"

दोघंही हसले. मला वाटलं, मिटलं आता. पण दादाच्या पोटात अजून एक मुद्दा होता, आणि तो टिळकांचं नाव घेऊन आला. मराठी माणसाचं भांडण शेवटी तिथे पोचतंच.

"१८८२," तो म्हणाला. "कोल्हापूर प्रकरण. 'केसरी'ला वर्ष-दीड वर्ष झालेलं. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ चाललाय, दिवाण बर्वे त्यात आहेत, असा मजकूर टिळक-आगरकरांनी छापला. बर्व्यांची म्हणून जी पत्रं हाती आली होती ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, दोघांना चार महिन्यांची कैद. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. आता तुझा शब्द लाव. निंदा? नालस्ती? चहाडी? यातलं काहीही त्यांच्या मनात नव्हतं. कळवळा होता. तरी बर्व्यांचं नुकसान झालंच ना? म्हणून मी म्हणतो, करणाऱ्याच्या मनाचे रंग दाखवणारे शब्द घेऊन न्याय होत नाही. ज्याचं नाव गेलं त्याच्या बाजूने बघावं लागतं."

इतका वेळ आई जिंकत होती असं मला वाटत होतं. या मुद्द्यावर तीही थोडी थांबली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. हे मी क्वचित ऐकलेलं वाक्य. "बर्व्यांवर अन्याय झाला. पण तुरुंगातून ते दोघं सुटले तेव्हा लोक दाराशी स्वागताला उभे होते. शिक्षा झालेल्यांची नाचक्की झाली का? नाही. मग नाव कुणाचं गेलं, कुणाचं झालं, हे कोर्टात ठरलं की बाहेर? आता तूच चिरोलचं सांग, तुला पाठ असेल."

"व्हॅलेंटाईन चिरोल. १९१० साली हिंदुस्थानातल्या अशांततेवर पुस्तक लिहिलं, त्यात टिळकांना असंतोषाचे जनक म्हटलं, आणखीही बरंच काही. टिळकांनी लंडनमध्ये दावा लावला, १९१९मध्ये सुनावणी झाली, हरले. समोर कार्सनसारखा वकील होता."

"हरले. आणि ते बिरुद?"

दादा हसला. आमच्या शाळेच्या भिंतीवर ते बिरुद तसबिरीखाली मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, १ ऑगस्टला त्यावरच हार चढायचा. भाषणाच्या स्पर्धेत मी ते तीनदा तरी घोकलंय आणि हा मुळात ठपका होता हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

"त्याने काळं फासायला म्हणून लावलेलं नाव," आई म्हणाली, "आपण कुंकवासारखं लावलं. शब्द तोच. लंडनच्या ज्यूरीपुढे एक, पुण्यात दुसरा."

"कायदाही हेच म्हणतो गं. समाजातल्या सारासार विचार करणाऱ्या माणसांच्या नजरेत तुमची किंमत घसरली पाहिजे. अशी माणसं कोण, हा प्रश्न प्रत्येक खटल्यात येतो."

"त्यांना आपल्याकडे चारचौघं म्हणतात. 'चारचौघांत उठबस आहे आमची.' चौघं कोण ते कुणीच सांगत नाही, पण प्रत्येकाला आपापले चौघं माहीत असतात. तुझ्या खजिनदारांचे चौघं कोण?"

"तो ग्रुप. बेचाळीस घरं."

"त्यातले हसणारे तेवीस. म्हणजे उरलेल्या एकोणीस जणांच्या नजरेत त्यांची किंमत होती तेवढीच आहे. नोटिशीत मागितलंयस काय?"

दादाने दुसरं पान उलटलं. "पाच लाख. आणि लेखी माफी."

"पाच लाख कशाचे?"

"नुकसानभरपाई."

"बट्टा म्हण. सराफाकडे झिजलेलं नाणं नेलं की तो किमतीतून थोडं कापून घ्यायचा, तो बट्टा. नाणं खोटं नसायचं. चालायचंही. फक्त पुऱ्या भावाने नाही. नावाला बट्टा लागतो तो असा. माणूस तोच, पण दुकानदार आता उधार देताना एकदा वर बघतो. याचे पैसे मागता येतात, मी नाही म्हणत नाही. पण या माणसाला बट्टा लागलेला नाही. त्याच्यावर आळ आलाय."

"आळ आणि आरोप, त्यात काय एवढं?"

"आरोप खरा असू शकतो. सिद्ध होतो, फेटाळला जातो. आळ येतो किंवा घेतला जातो, आणि त्याला 'कशाचा' लागतं. चोरीचा आळ, पैसे खाल्ल्याचा आळ. 'माझी बदनामी झाली' एवढं म्हणून माणूस थांबू शकतो. 'माझ्यावर आळ आला' म्हटलं की समोरचा विचारतोच, कशाचा? गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये म्हणतात, ते कशासाठी? कृष्णाने बघितला आणि स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला. सत्राजिताने घेतला. मग कृष्णाने काय केलं? सत्राजिताला नोटीस पाठवली?"

"रानात गेला, जांबवानाशी लढला, मणी आणून दिला."

"मणी आणून दिला! आळ माफीने जात नाही रे, मणी दाखवल्यावर जातो. तुझ्या अशिलाचा मणी कुठे आहे?"

दादा गप्प. नोटिशीच्या कोपऱ्यावरची पिन काढत-घालत राहिला. मग जरा तिरकस म्हणाला, "हिशेब आहेत. लिफ्टवाल्याला आगाऊ दिलेल्या रकमेची पावती आहे. सुटा भाग बाहेरून यायचाय म्हणून काम अडलंय. पण आत्या, हिशेब लावून जर सगळे आळ जात असते तर मी काय खाल्लं असतं? पावती लावली की ती माणसं म्हणणार, पावती खोटी आहे. आणि तो लिहिणारा असाच सुटला तर उद्या दुसऱ्यावर बोट दाखवणार. त्या दोन हात जोडलेल्या चित्रांची त्याला जरा धडकी भरायला नको?"

"भरू दे की. मी कुठे नोटीस पाठवू नकोस म्हटलं?"

"मग काय म्हणतेयस?"

"काय झालं ते एका शब्दात लिही एवढंच. 'लिफ्टच्या वर्गणीतील रक्कम आमचे अशील यांनी लाटली, असा आळ आपण उपहासाने घेतला.' त्याचा मेसेज खाली अक्षरशः उतरव, चित्रांसकट. पावतीची प्रत जोड. बस."

"मेसेज अक्षरशः उतरवावाच लागतो. तो आहेच तिसऱ्या परिच्छेदात." त्याने कागद स्वतःकडे ओढला, वाक्य दोनदा वाचलं. "पण 'आळ' म्हटलं की मी आधीच ठरवून टाकलं की ते खोटं आहे. समोरचा वकील हेच धरेल. म्हणेल, ठरवायचं कोर्टाने, तुम्ही कोण? आणि न्यायाधीश नवीन आहेत, इंग्रजी माध्यमातले. 'आळ' वाचून टाचणीने खूण करतील आणि मला विचारतील, हा भाजीतला का?"

"भाजीतला अळू, 'अ'ने सुरू होतो तो," आई म्हणाली, पण तिचाही सूर ढिला झाला होता. "मग काय करणार?"

दादाने खिशातून निळं पेन काढलं. मानहानी आणि चारित्र्यहनन यांच्यावरच्या तांबड्या शेपट्या तशाच राहू दिल्या. निंदानालस्तीवर स्वतःच काट मारली. 'आळ'ची ओळ समासात लिहिली, मग थोडा विचार करून तिच्याभोवती कंस टाकला. 'बदनामी' मात्र जागची हलवली नाही. उलट तिच्याखाली रेघ ओढली.

"ही राहणार. ही सगळ्यांना कळते," तो म्हणाला.

"राहू दे."

"आता 'केली' ना?"

"केली," आई म्हणाली. "आणि पहिल्या ओळीत 'जाणीवपूर्वक' मधली 'णी' ऱ्हस्व पडलीय की काय, चष्मा दे जरा."